नाटकाची झोळी आणि नाटकाचे घर

शाळेला दोन खोल्या बांधायच्या असोत, पूरग्रस्तांना धान्य पाठवायचे असो, की एखाद्या गरीब रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी निधी हवा असो, आपल्या समाजाला पहिली आठवण होते ती नाटकाची. 'मदतीचा प्रयोग' हा शब्द मराठी माणसाच्या इतका अंगवळणी पडला आहे की मदत करतो कोण आणि ती पोहोचते कोणाला, याचा विचारही आपण करीत नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांच्या धुरीणांनी आपली स्पर्धा बाजूला ठेवून 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. पुढे डॉ. श्रीराम लागू व त्यांच्या सहकारी कलावंतांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कार्यकर्त्यांसाठी 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभा केला. शंभर वर्षे मराठी रंगभूमी अशी दुसऱ्यांसाठी झोळी फिरवीत आली आहे.

परंतु हीच नाटकवेडी माणसे एखाद्या दिवशी स्वतःच्या छपरासाठी पावतीपुस्तक घेऊन आपल्या दारी आली, तर आपण काय म्हणतो? "नाटकवाल्यांना इमारत कशाला?" या एका प्रश्नावर त्यांची बोळवण होते. माझा आजचा वाद या प्रश्नाशी आहे. आणि वाद घालायचाच तर तो दोन्ही बाजूंशी घालावा. म्हणून इमारतीच्या नावाने चुकीच्या दारी झोळी पसरणाऱ्यांशीही चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम आपल्या वऱ्हाडाकडे पाहू. अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांनी 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आणि 'रणदुंदुभी' ही नाटके लिहिली आणि केशवराव भोसले व मास्टर दीनानाथ यांच्यासारख्यांच्या मंडळ्यांनी ती महाराष्ट्रभर गाजवली. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ रोजी झाली, तीही अमरावतीतच. दंडार आणि खडी गंमत यांची परंपरा तर याहून कितीतरी जुनी. या मातीला नाटकाचे वावडे कधीच नव्हते. तरीही आज अमरावतीची किंवा अकोल्याची एखादी हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेची तयारी कशी करते, हे डोळे उघडून पाहावे. कुणा मुख्याध्यापकांच्या कृपेने वर्ग मिळतो. संध्याकाळी बाके भिंतीला लावायची, रात्री ती पुन्हा जागेवर ठेवायची. चाचणी परीक्षा आली की किल्ली परत करायची. प्रयोग संपला की नेपथ्याच्या चौकटी कुणाच्या तरी अंगणात उभ्या राहतात, दोन पावसाळ्यांत कुजतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने लाकूड विकत घ्यावे लागते. दर वर्षी असा पैसा वाया जातो आणि वर आपणच म्हणतो की संस्थेजवळ पैसा नाही!

यात सर्वांत मोठे नुकसान होते ते मुलींचे. कामाच्या घरची, शिकणारी, नोकरी करणारी मुलगी रात्री नऊपर्यंत तालमीला थांबावी असे वाटत असेल, तर तिच्या आईवडिलांना ठिकाण माहीत हवे, तिथे दिवा हवा, स्वच्छ शौचालय हवे, जबाबदार माणूस हवे. आज या वर्गात, उद्या त्या गच्चीवर, अशी भटकंती असेल तर कोणते पालक तिला पाठवतील? मग संस्था स्त्रीपात्रविरहित नाटक शोधू लागते आणि आपण नाक मुरडून म्हणतो, "हल्ली चांगल्या नाटकांची निवडच होत नाही."

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, सरकारने सभागृहे बांधलीच आहेत. अमरावतीला संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन आहे, अकोल्याला प्रमिलाताई ओक सभागृह आहे. मग आणखी काय हवे? या आक्षेपात एक मूलभूत गफलत आहे. मोठे सभागृह प्रयोगासाठी असते. नाटक मात्र तालमीत घडते. एका रात्रीच्या प्रयोगामागे पन्नास-साठ संध्याकाळी असतात आणि त्या संध्याकाळींचे भाडे कोणतीही हौशी संस्था भरू शकणार नाही. शिवाय मोठ्या सभागृहाच्या दारात नाटकवाला एकटा नसतो. तिथे परिसंवाद, सत्कार, शाळांची स्नेहसंमेलने आणि राजकीय मेळावे यांचीही रांग असते. तेव्हा हजार खुर्च्यांचे आणखी एक भवन कुणी मागत नाही. मागणी आहे ती शंभर-दीडशे माणसे बसतील अशा एका मोकळ्या दालनाची, नेपथ्य ठेवण्याच्या खोलीची आणि स्वतःजवळ असलेल्या किल्लीची. मुंबईत १९७८ साली जुहूला उभे राहिलेले पृथ्वी थिएटर जेमतेम दोनशे प्रेक्षकांचे आहे. त्याच्या लहानपणामुळे नाटक लहान झाले असे कुणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीला कुठे इमारत आहे? दिवाळीनंतर मंडप पडतो, रात्रभर नाटक रंगते, हजारो माणसे तिकीट काढून बसतात. खरे आहे, आणि झाडीपट्टीपुढे मी आदराने मान लववितो. परंतु झाडीपट्टीमागे एक संपूर्ण व्यवस्था आहे. वडसा-देसाईगंजला मंडळ्यांची कार्यालये आहेत, सुगीनंतरचा ठरलेला हंगाम आहे, शंकरपटाची जत्रा आहे, पाहुण्यारावळ्यांनी भरलेले गाव आहे आणि कलावंताला मानधन आहे. शहरातल्या हौशी संस्थेजवळ यांपैकी काहीही नाही. बँकेतली, शाळेतली, दुकानातली नोकरी संपवून आलेली दहा माणसे एवढेच तिचे भांडवल. त्यांना झाडीपट्टीचे उदाहरण देणे म्हणजे भाड्याच्या घरात राहणाऱ्याला "पक्षी कुठे भाडे देतात?" असे विचारणे होय.

भाड्याच्या किंवा उसन्या जागेचे काय होते, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासात लिहिलेले आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून 'आविष्कार' या संस्थेने अरविंद व सुलभा देशपांडे यांच्या पुढाकाराने जे कार्य केले, त्याला आपण 'छबिलदास चळवळ' म्हणतो. चळवळीला नाव मिळाले ते जागेचे. पण जागा तिची नव्हती. पुढे ती सुटली आणि माहीमच्या महापालिका शाळेत आसरा शोधावा लागला. याउलट मुंबई मराठी साहित्य संघाचे पाहा. १९३५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत डॉ. अ. ना. भालेराव नावाच्या व्यवसायाने वैद्य असलेल्या गृहस्थांनी नाट्यमहोत्सवांचा ध्यास घेतला. १९४४ साली मुंबईत नाट्यशताब्दीचा मोठा महोत्सव झाला. त्यानंतर गिरगावच्या केळेवाडीत वर्षानुवर्षे नाटके होत राहिली आणि अखेरीस १९६४ साली संघाचे स्वतःचे नाट्यगृह उभे राहिले. ते पाहायला डॉक्टर हयात नव्हते. नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे. महोत्सवापासून वास्तूपर्यंत वीस वर्षे लागली. ज्यांना दोन वर्षांत इमारत हवी आहे त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

तिसरा आक्षेप आपल्या कुटुंबांतून हमखास येतो आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. वऱ्हाडात शेतकरी गळफास घेत असताना नाटकाच्या भिंतींसाठी पैसे द्यावेत काय? या प्रश्नाला हसण्यावारी नेणारा माणूस मला मान्य नाही. पण मी उलट विचारतो: या दुःखाबद्दल गावाने एकत्र बसून बोलावे कोठे? १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीत अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न धगधगत असताना वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. ती कोठे भरली? इंद्रभुवन थिएटरात. ज्यांना देवळाचे दार बंद होते, त्यांच्यासाठी त्या दिवशी नाटकाचे दार उघडे होते. आपण येशूचे अनुयायी म्हणवतो. आपल्याला तरी या घटनेचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. नाट्यगृह ही केवळ करमणुकीची जागा नसते. जात, धर्म आणि पक्ष न विचारता तिकिटाच्या रांगेत माणसाला माणसाशेजारी उभे करणारी जागा आपल्या शहरांत किती उरल्या आहेत, ते मोजून पाहावे.

इथवर मी संस्थांची बाजू घेतली. आता संस्थांना.

ही इमारत कोणाच्या पैशाने उभी राहते, यावर ती कोणाची होणार हे ठरते. एखाद्या बड्या आसामीने एकरकमी रक्कम द्यावी, प्रवेशद्वारावर त्यांच्या वडिलांचे नाव कोरावे, हा मार्ग सोपा दिसतो. परंतु ज्याने भिंत दिली तो उद्या नाटकाची निवडही करू पाहतो. पाच वर्षांनी खर्च भागेनासा झाला की "लग्नसराईपुरते भाड्याने देऊ" अशी सूचना येते आणि दहा वर्षांनी नाट्यगृहाचे मंगल कार्यालय झालेले असते. तालमीला मग पुन्हा शाळेचा वर्ग!

याबाबतीत आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. शेंडगावला जन्मलेल्या आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या अंगावर चिंध्या आणि हाती गाडगे होते. पण व्यवहारात ते पक्के होते. वास्तू विश्वस्तांच्या हाती दिल्या, आपल्या नातलगांचा त्यांवर हक्क ठेवला नाही आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. ज्यांना वऱ्हाडात लोकवर्गणीतून वास्तू उभारायची आहे, त्यांनी या वऱ्हाडी माणसाला गुरू करावे.

म्हणून संस्थांना माझे सांगणे असे. आधी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून रीतसर नोंदवा. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. देणगीदाराला एवढे तरी संरक्षण मिळालेच पाहिजे. तालीम आणि प्रयोग यांना पहिला हक्क राहील, हे घटनेत लिहून ठेवा. हिशेब दर वर्षी छापून वाटा. मोठ्या देणगीला मर्यादा घाला आणि लहान वर्गणीला मर्यादा ठेवू नका. एक हजार कुटुंबांनी महिन्याला शंभर रुपये दिले, तर वर्षाला बारा लाख होतात. पाच वर्षांत साठ लाख. त्यातून महाल होणार नाही. पण भिंती, छप्पर आणि पंखे असलेले एक साधे दालन होण्याची आशा नक्कीच धरता येईल. आणि छप्पर पत्र्याचे नको. अकोल्याच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना पत्र्याखाली तालीम होत नाही आणि श्रावणात त्यावर पाऊस वाजू लागला की संवाद ऐकू येत नाही.

आणखी एक. मनोरा बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, ही शिकवण आपण प्रवचनात ऐकतो. इमारतीचा खर्च बांधून संपत नाही. तो तिथून सुरू होतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी उभारलेले वैभव, आगीत भस्मसात झाले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला हळहळ वाटली. ती वास्तू महापालिकेची होती, म्हणून शासनाला पुनर्बांधणीसाठी पुढे यावे लागले. लहान संस्थेच्या दालनाला आग लागली तर कोण येणार? विमा, विजेची वार्षिक तपासणी आणि जमलेल्या निधीचा एक हिस्सा देखभालीसाठी राखून ठेवणे, या तीन गोष्टी ज्या संस्थेच्या पत्रकात नसतील, तिला वर्गणी देण्यापूर्वी आपण दहा प्रश्न विचारावेत.

आणि शेवटी आपल्या घरच्यांना. नाताळात गव्हाणीशेजारी आपली मुले नाटक करतात. मेंढपाळाची पगडी आणि हेरोदाचा मुकुट आपल्याच आयाबाया रात्र जागून शिवतात. त्या मंचावर धीटपणे बोलायला शिकलेली पोरे पुढे शहरातल्या संस्थांत गेली तर आपल्याला अभिमान वाटतो. मग त्या संस्थांच्या छपराचा प्रश्न आला की तो परक्यांचा कसा होतो? आपल्या धर्मग्रामांची आणि शाळांची सभागृहे संध्याकाळी सहानंतर बहुधा कुलूपबंद असतात. इमारत उभी राहीपर्यंतच्या पाच वर्षांत त्यांतले एखादे दालन, लेखी कराराने आणि विजेपुरते भाडे घेऊन, शहरातल्या नाट्यसंस्थेला ठरलेल्या वारी मिळावे, असा ठराव प्रत्येक धर्मग्राम परिषदेने आपल्या पुढच्या बैठकीत चर्चेला घ्यावा. तेवढ्यावर न थांबता घरटी महिना शंभर रुपयांचाही विचार करावा. विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन दमड्यांचे मोल आपल्याला ठाऊक आहे. ते केवळ वेदीसमोरच खरे असते असे समजण्याचे कारण नाही. पावतीपुस्तक दारी आले की हिशेब मागा, घटना वाचा, विमा उतरवला आहे का ते विचारा. आणि उत्तरे समाधानकारक असली, तर दार लावून घेऊ नका.