पाळण्याचं खोकं
फेब्रुवारी 1957. फिलाडेल्फियात रस्त्याकडेच्या झुडपांत चारेक वर्षांच्या पोराचं प्रेत सापडलं, तेही बाळाच्या पाळण्याच्या रिकाम्या खोक्यात. केस कसेबसे भादरलेले. पोलिसांनी गॅसच्या बिलांसोबत त्याचा फोटो घरोघर धाडला. कुणी ओळख दिली नाही. थडग्यावर ‘अमेरिकेचं अनोळखी मूल’ एवढंच. 2019 मध्ये ते उकरलं. जुन्या हाडांतल्या डीएनएवरून आईकडचे दूरचे नातलग सापडले, त्यांची वंशावळ जुळवत आई, मग जन्मदाखला. (आपल्याकडे असली नाती लग्नघरातली एखादी आत्या चहा निवायच्या आत जुळवते.) डिसेंबर 2022 मध्ये नाव जाहीर झालं: जोसेफ. मारलं कुणी, ते तेव्हाही कळलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात, त्याच्या सत्तराव्या वाढदिवशी, थडग्यावर नाव आलं.