खाटेवरून दिसणारे छत

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे निद्रिस्त माणसांवर कोसळली. परिसरातील सुमारे १०,००० जीव गेले. ज्या भागाने छतच वैरी झालेले पाहिले, तेथे रुग्णालय उभारताना भक्कमपणाच्या जोडीला आणखी एक विचार हवा : खाटेवर उताणे पडलेल्या रुग्णाला दिवसभर काय दिसते?

फिनलंडचे वास्तुकार अल्वार आल्टो यांनी हाच विचार केला. १९३३ साली पूर्ण झालेल्या पाइमिओ येथील क्षयरोग रुग्णालयात त्यांनी खोल्यांच्या छताला शांत हिरवा रंग दिला आणि दिवा रुग्णाच्या डोळ्यांवर येणार नाही असा बसविला. पुढे १९८४ साली रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

मराठवाड्यात मात्र प्रकाशाबरोबर ऊनही येते. म्हणून उत्तरेकडील खिडक्यांचा सौम्य उजेड, पश्चिमेला खोल व्हरांडा आणि अंगणात कडुनिंब हवा. रंगाचेही तसेच. तपासणीच्या खोलीत गडद पिवळा वा निळा रंग नसावा. त्याची झाक त्वचेवर पडते आणि कावीळ किंवा फिकेपणा ओळखताना फसगत होऊ शकते. शस्त्रक्रियागृहात हिरवा रंग असतो, तो सतत लाल रंग पाहून थकलेल्या नजरेला विसावा मिळावा म्हणून. रुग्णकक्षातील चित्रांत तेरणेचा काठ आणि ज्वारीचे शेत असेल, तर परक्या जागी आलेल्या शेतकऱ्याला ओळखीचे काही भेटेल.

व्यापारी कुटुंबे रुग्णालयांना उदार हस्ते दान देतात. नावाची शिला प्रवेशद्वारी बसते. रुग्णाची नजर मात्र छतावर असते. योग्य रंगाला अयोग्य रंगापेक्षा अधिक खर्च येतोच असे नाही. निवडीपूर्वी थोडा विचार लागतो. विश्वस्तांनी रंगकामाला मंजुरी देण्याआधी पाव तास त्या खोलीतील खाटेवर पडून वर पाहावे. पुष्कळ निर्णय तेथेच होतील.