उतारावरची शेती आणि वाटणीचा धुरा

जलसंधारणाचा विषय निघाला की महाराष्ट्रात प्रथम नाला आठवतो, मग तलाव आणि सर्वांत शेवटी शेत. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाचे सूत्र ‘माथा ते पायथा’ असे होते. प्रत्यक्षात गाजले ते नाल्याचे खोलीकरण. याचे कारण मालकीत शोधावे लागते. नाला सरकारी असतो. उतार मात्र दहा खातेदारांच्या सातबाऱ्यांवरून खाली जातो.

नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, रामटेक-मौद्याच्या धानपट्ट्यात, सपाटीकरण कोणाला शिकवावे लागले नाही. बांधीत पाणी उभे राहिल्याखेरीज धान होत नाही. त्यामुळे प्रत्येक तुकडा सपाट करून त्यास पाळ घालणे भागच पडले. पश्चिमेकडे, काटोल-नरखेडच्या कापूस-तुरीच्या वावरांत, पिकाने अशी सक्ती केली नाही. पाणी वाहून गेले तरी पीक हाती येते, आणि माती किती गेली हे त्या वर्षीच्या हिशेबात दिसत नाही.

सपाटीकरण म्हणजे सारे वावर पाटासारखे करणे, हा समज मात्र महागात पडणारा आहे. एक हेक्टरचे चौरस शेत घ्यावे. शंभर मीटरला एक मीटर उतार धरावा. ते एकसंध सपाट करावयाचे तर वरच्या कडेला अर्धा मीटर खोदावे लागेल आणि सुमारे १,२५० घनमीटर माती हलवावी लागेल. हलक्या जमिनीत एवढ्या खोलीवर मुरूमच उघडा पडतो. तेच शेत उताराला आडवे चार पट्टे करून सपाट केले, तर खोदाई साडेबारा सेंटिमीटरच्या पुढे जात नाही आणि मातीकाम सुमारे ३१२ घनमीटरांवर, म्हणजे चौथाईवर येते. भारी काळ्या जमिनीत आणखी सावधगिरी हवी. तेथे पाणी पूर्ण अडविणारा बांध तुंबतो व फुटतो. जादा पाणी हळूहळू बाहेर काढणारा ढाळीचा बांधच टिकतो. हे ज्ञान दूरवरून आणावयाचे नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय नागपुरातच आहे.

अडचण आहे ती आडव्या पट्ट्यांची. भावाभावांत वावर वाटले जाते तेव्हा वरची बरड आणि खालची कसदार जमीन प्रत्येकाला सारखी मिळावी म्हणून धुरा उताराच्याच दिशेने टाकला जातो. वाटणी न्याय्य होते. शेत मात्र लांब, अरुंद आणि उभे होते. अशा पट्ट्यात औत आडवे चालविणे कोणाला परवडत नाही. ते उभे चालते आणि प्रत्येक तास पहिल्या जोरदार पावसात लहानशी नाली बनतो. राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने ही घसरण थांबली नाही, हे निराळे सांगावयास नको.

खर्चाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. वरच्या शेतकऱ्याने माती अडविली तर त्याचा काही लाभ खालच्यास मिळतो. खर्च मात्र वरच्याचा. पहिली एक-दोन वर्षे खोदलेल्या भागात उत्पन्न घटते आणि पीक कर्ज तर दरवर्षी फेडावयाचे असते. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने १९४२ सालीच सलग क्षेत्र हा सुधारणेचा घटक मानला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून बांधबंदिस्तीची कामे निघाली. परंतु मजुरीसाठी मातीचे घनमीटर मोजले गेले, धुरे होते तेथेच राहिले.

अनुदान द्यावयाचे तर ते एका उतारावरील सर्व खातेदारांना एकत्र द्यावे आणि त्यात घटलेल्या उत्पन्नाची भरपाईही धरावी. धुरे आडवे करण्यासाठी जमिनींची अदलाबदल लागेल. २०२३ मध्ये राज्याने सलोखा योजनेखाली, किमान बारा वर्षे परस्परांच्या ताब्यात असलेल्या जमिनींच्या अदलाबदलीस मुद्रांक व नोंदणी शुल्क नाममात्र केले. वाद मिटविण्यासाठी दिलेली ही सवलत माती वाचविण्यासाठी, ताब्याची अट न घालता, का देऊ नये? रब्बी निघाल्यापासून मृगापर्यंत मातीकामास जेमतेम तीन महिने मिळतात. मोजणी आणि फेरफार त्याआधी पुरे व्हावयास हवेत.