फुकट लेखाची किंमत

व्यवसाय वाढावा म्हणून माहितीपर लेख लिहून ते मोफत वाटण्याच्या प्रथेकडे आपण मराठीचे अध्यापक सहसा नाक मुरडूनच पाहतो. ज्याच्या मुळाशी विक्री आहे ते लेखन कसले, असा आपला सूर असतो. मराठी नियतकालिकांचा इतिहास मात्र या तुच्छतेला फारसा अनुकूल नाही.

औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, ते कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. अशी समजूत किमतीच्या पत्रकाने जात नाही. तिच्याशी संवाद करावा लागतो. लक्ष्मणरावांचे पुतणे शं. वा. किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ‘खबर’ने हा संवाद इतका विस्तारला, की माल मागे राहिला आणि वाचक पुढे आला. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक घडले आणि त्याच्या जोडीला १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ज्या पानांवर वाचले गेले, त्या पानांचे मूळ कारखान्याच्या प्रसिद्धीत आहे, हे विसरता येत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. फ्रान्समधील मिशलिन या टायर कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका छापून फुकट वाटली. लोक अधिक हिंडतील तर टायर अधिक झिजतील, हा हिशेब उघड होता. पण इंधन कोठे मिळेल, गाडी कोठे दुरुस्त होईल, रात्री कोठे उतरावे, ही माहिती खरी होती. म्हणूनच १९२० पासून तिला किंमत लावल्यावरही लोक ती विकत घेत राहिले.

तेव्हा दोष हेतूचा नाही. लिहिणाऱ्याला काहीतरी विकायचे आहे, एवढ्याने लेख खोटा ठरत नाही. प्रत्येक वाक्य तो हेतूच लिहू लागला, की ठरतो. इंटरनेटवर हे मोठ्या प्रमाणावर झाले. लेख फुकट वाटायचा आणि तळाशी लेखकाच्या परिचयात दुकानाचा दुवा ठेवायचा, ही रीत रूढ झाली. पुढे लेख वाचकाऐवजी शोधयंत्रासाठीच लिहिले जाऊ लागले. एकच मजकूर शब्द फिरवून दहा ठिकाणी दिसू लागला. २०११ मध्ये गूगलने आपली क्रमवारीची पद्धत बदलून अशा लेखांच्या कारखान्यांना मागे ढकलले. तरी ती वृत्ती संपली नाही, आणि आता तर असा मजकूर यंत्रच क्षणार्धात लिहून देते.

इंग्रजीत अशा कचऱ्याशेजारी चांगल्या माहितीचे डोंगरही आहेत. मराठीत शेती, आरोग्य, कायदा, गुंतवणूक या विषयांवरचे सुबोध गद्य मुळातच थोडे. गुडघेदुखीवर मराठीत काही शोधणाऱ्याच्या हाती पहिल्याच झटक्यात तेलाच्या बाटलीकडे नेणारा लेख पडला, तर त्याचा विश्वास त्या बाटलीवरून उडण्याआधी मराठीतल्या माहितीवरून उडतो. ही हानी कोणत्याही दुकानाच्या जमाखर्चात दिसत नाही.

अशा लेखाची परीक्षा अवघड नाही. त्यातून मालाचे आणि दुकानाचे नाव खोडावे व उरलेले वाचावे. वाचकाच्या पदरात काही पडते का? आणि ‘तुमच्या अडचणीला या वस्तूची गरज नाही’ असे सांगण्याचे धैर्य लेखात कोठे आहे का? नांगर विकणाऱ्याला जमिनीविषयी खरे बोलावेच लागते, कारण पुढच्या हंगामात शेतकरी पुन्हा भेटणार असतो.

व्यावहारिक मराठीच्या तासाला आपण जाहिरातीचा मसुदा शिकवतो. त्याच तासाला ही परीक्षाही शिकवायला हवी. आपले अनेक विद्यार्थी उद्या हेच लेखन करून पोट भरणार आहेत. त्यांना नाके मुरडायला शिकवण्यापेक्षा ते प्रामाणिकपणे करायला शिकवणे अधिक उपयोगाचे.