चाळीस वर्षांचे पाहुणे

परदेशी स्थायिक झालेला मराठी माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील अभियंता उभा राहतो. तो यथावकाश त्या देशाचा नागरिक होऊ शकतो. दुबईकराची कथा निराळी आहे. चाळीस चाळीस वर्षे तेथे काढूनही तो कायद्याच्या दृष्टीने पाहुणाच राहतो. त्याच्या प्रश्नाकडे आपल्या समाजाने पुरेसे गांभीर्याने पाहिलेले नाही.

दुबईशी आपले नाते तेथील तेलापेक्षा जुने आहे. सिंधी आणि कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या खाडीकाठी होत्या. भारतीय रुपया हेच तेथील चलन होते. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर तोही मागे पडला. त्याच वर्षी दुबईला तेल सापडले. पुढे केरळप्रमाणेच कोकणातूनही माणसे तेथे जाऊ लागली.

१९७५ साली त्या शहराची लोकसंख्या दोन लाखांहून कमी होती. आज ती पस्तीस लाखांच्या पुढे आहे. १९७९ साली उभी राहिलेली ३९ मजली व्यापार केंद्राची इमारत तेव्हा नवलाची होती. २०१० साली ८२८ मीटर उंचीची बुर्ज खलिफा खुली झाली. २००९ साली मेट्रो आली. २०२२ साली आठवड्याची सुट्टीदेखील शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर गेली. जबेल अलीत भव्य मंदिर झाले याचा आनंद मोठाच. पण बर दुबईच्या गल्लीतील जुने शिवमंदिर २०२४ साली तेथे हलले, तेव्हा अनेक जुन्या कुटुंबांचा नित्याचा रस्ताही बदलला. शहर दर दशकात कात टाकते. त्याच्या उभारणीत हयात घालवणाऱ्याला मात्र ते ‘आपले’ म्हणण्याचा हक्क देत नाही.

तेथे जन्मलेल्या भारतीय मुलाला जन्माने नागरिकत्व मिळत नाही. सामान्य नोकरदाराचे वास्तव्य नोकरीशी बांधलेले असते. नोकरी संपली की ग्रॅच्युइटी मिळते, निवृत्तिवेतन नाही. २०१९ पासून दीर्घ मुदतीचा ‘गोल्डन व्हिसा’ आला, २०२१ साली निवडक गुणवंतांना नागरिकत्वाची वाटही खुली झाली. या सवलती स्वागतार्ह असल्या, तरी त्या मूठभरांच्या आहेत. कारकून, फोरमन, परिचारिका यांना एक दिवस परतावेच लागते. यात यजमान देशाला दोष देण्याचे कारण नाही. त्याने आपले नियम कधी लपवले नाहीत आणि आपल्या लाखो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या.

प्रश्न आपल्याला आहे. मे २०२० मध्ये ‘वंदे भारत’ मोहिमेची पहिली विमाने आखातातून आली, तेव्हा त्यांतून नोकरी गमावलेली माणसेही उतरली. अशा माणसाकडून आपण देणगी घेतो, त्याच्या पैशाने मंदिराचा जीर्णोद्धार करतो. पण साठीत तो परततो तेव्हा गावात त्याचा समवयस्क उरलेला नसतो आणि मुलांना मराठी वाचता येत नसते. २०१० च्या दुरुस्तीने अनिवासी भारतीयाला मतदार होता आले, पण मतासाठी त्याने प्रत्यक्ष केंद्रावर यावे लागते. प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक २०१८ साली लोकसभेत संमत झाले आणि पुढे बारगळले. येथला नागरिक असूनही त्याचा आवाज येथे पोहोचत नाही.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. मतदानाचा प्रश्न शासनाने पुन्हा हाती घ्यावा. आणि समाजाने, विशेषतः आपल्या कार्यकर्त्यांनी, परतलेल्या कुटुंबाचे दार स्वतःहून ठोठवावे. शाळाप्रवेशापासून वृद्धांच्या सोबतीपर्यंत त्याच्या पाठीशी राहावे. परक्या शहराने त्याला पाहुणा मानले, हे समजण्यासारखे आहे. स्वतःच्या गावातही तो पाहुणाच ठरला, तर तो दोष सर्वस्वी आपला असेल.