तोंडाला वास, चाल अडखळती

खंडाळा म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला लोणावळ्याशेजारचा घाट आठवतो. माझे खंडाळे ते नव्हे. माझे साताऱ्याचे, खंबाटकीच्या पायथ्याचे. महामार्ग आमच्या उशाशी आहे, आणि त्या महामार्गावरचे खटले चालवण्यात माझी निम्मी वकिली गेली. त्यातले एक वाक्य मला शुभंकरोतीइतके पाठ झाले आहे : ‘तोंडाला दारूचा उग्र वास, डोळे तांबारलेले, चाल अडखळती, बोलणे असंबद्ध.’ माणूस कोणताही असो, फिर्यादीत हे वाक्य ठरलेले.

परवा जेवताना धाकट्या सुनेने विचारले, ‘‘आण्णा, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना तुम्ही सोडवता तरी कसे? झोप लागते तुम्हाला?’’

प्रश्न बोचला. कारण तो विचारण्याचा अधिकार तिला आहे. तिचा सख्खा भाऊ शिरवळजवळ रस्ता ओलांडताना एका मोटारीखाली गेला. चालक झिंगलेला होता, असे पाहणारे सारे सांगत होते. खटल्यात दारूचा आरोप मात्र टिकला नाही.

आधी मी सोडवलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. हा टेंपोचालक. रात्री भाजी पुण्याला पोचवायची आणि पहाटे परतायचे, हा त्याचा धंदा. एका पहाटे नाकाबंदीत त्याला अडवले. श्वासाची तपासणी करणारे यंत्र त्या रात्री बंद होते. रक्त घेतलेच नाही. कागदावर तेच वाक्य उतरले. उलटतपासणीत मी हवालदारांना विचारले, ‘‘आरोपीला यापूर्वी चालताना पाहिले होते का?’’ ते म्हणाले, ‘‘नाही.’’ मग मी अशिलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून दारापर्यंत चालायला सांगितले. लहानपणी मोडलेला त्याचा पाय नीट बसलेला नाही. त्याची चाल जन्मभर अडखळतीच राहणार आहे. डोळे म्हणाल, तर रात्रभर स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचे ते आणखी कसे असणार? तो सुटला. पण तोवर दोन वर्षे तारखांवर गेली होती आणि बायकोची बोरमाळ सोसायटीत गहाण पडली होती.

हवालदार खोटे बोलत होते, असे मी म्हणणार नाही. त्यांनी पाहिले ते पाहिले. पण पाहणे वेगळे आणि त्यावरून निष्कर्ष काढणे वेगळे. मधुमेह्याची साखर एकदम उतरली की त्याचा तोल जातो, जीभ जड होते. अपघातातून नुकताच बाहेर आलेला माणूस थरथरतो, काहीबाही बोलतो. वासावरून काहीतरी घेतले एवढे कळते. किती घेतले ते कळत नाही.

हा वाद आजचा नाही. 29 मे 1951 च्या रात्री मुंबईत कुलाब्याच्या बाजूला एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवत होते बेहराम पेसिकाका, आणि तेव्हा ते मुंबई विभागाचे हंगामी प्रादेशिक परिवहन अधिकारी होते! दारूबंदीचे दिवस. तोंडाला वास होता, डोळे लालसर होते. पण ते सरळ रेषेत चालले, बोलणेही सुसंगत होते, असे तपासणाऱ्या डॉक्टरनेच सांगितले. ‘मद्यार्क असलेले औषध घेतले होते,’ हा त्यांचा बचाव. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने मात्र सोडले. पुढे 1971 च्या बच्चूभाई हसनअली कारयाणी खटल्यात, हाही महाराष्ट्रातलाच, त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून नशा सिद्ध झाली असे धरता येत नाही.

म्हणून तर कायदा मोजमाप मागतो. मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमाप्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क तपासणीत आढळावा लागतो. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. नाहीतर माणसाला सोडून द्यावे लागते. आपल्या राज्यातले रक्त घेण्याचे 1959 चे नियम तर इतके काटेकोर आहेत की रक्त काढताना स्पिरिटचा स्पर्शसुद्धा चालत नाही.

अर्थात, नुसते रक्त घेऊनही भागत नाही. ते जपावे लागते. सप्टेंबर 2002 मधल्या वांद्र्याच्या अपघाताचा अभिनेता सलमान खान यांच्यावरचा खटला आठवा. अंगरक्षक पोलिसाच्या पहिल्या फिर्यादीत दारूचा उल्लेख नव्हता, नंतरच्या जबाबात तो आला. रक्ताचा नमुना कसा ठेवला, कसा पोचवला, यावरही प्रश्न उभे राहिले. डिसेंबर 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरातल्या अपघातानंतर तर नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली.

आता सुनेच्या भावाच्या खटल्याकडे येतो. ते कागद मी नंतर मागवून वाचले. वास उग्र, डोळे तांबारलेले, चाल अडखळती, बोलणे असंबद्ध. शब्दाला शब्द तेच. तिथेही रक्त वेळेवर घेतलेले नव्हते. माझ्या टेंपोवाल्याच्या बाबतीत ते वाक्य चुकीचे होते. तिच्या भावाला उडवणाऱ्याच्या बाबतीत बहुधा अगदी खरे होते. पण दोन्ही कागद शेजारी ठेवले तर कोणता कोणाचा हे सांगता येणार नाही. जे वाक्य सगळ्यांना लागू पडते, ते न्यायालयात कुणालाच चिकटत नाही.

तेव्हा बचावाच्या वकिलाने पोलिसांच्या निरीक्षणावर प्रश्न विचारला, म्हणजे तो दारूची बाजू घेतो असे समजू नये. असे प्रश्न विचारले जाणार हे ठाऊक असेल, तर निघण्यापूर्वी यंत्र तपासले जाईल, दोन तासांच्या आत डॉक्टर गाठला जाईल, आणि हवालदार ठरलेले वाक्य उतरवण्याऐवजी समोर दिसले ते लिहितील. त्याचा फायदा निरपराधाला होईल, तसाच जखमीच्या घरच्यांनाही होईल.

हे सारे मी सुनेला सांगितले. तिने ताटे उचलता उचलता ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘‘मग त्या रात्री त्याचं रक्त का नाही घेतलं कुणी?’’

याचे उत्तर त्या कागदांत कुठेच नव्हते.