पिल्लू सर्वांचे, जागरण एकाचे

कुत्र्याचे पिल्लू घरी आले की पहिल्या दिवशी सगळे घर त्याच्याभोवती जमते. फोटो निघतात, नाव ठरते, शेजारची मुले बघायला येतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र त्याच घरातले कुणीतरी एकटेच पहाटे तीन वाजता फरशी पुसत असते आणि त्याला रडू आवरत नसते. ‘कशाला आणले हे?’ असा विचार मनात येतो आणि लगेच त्या विचाराची लाज वाटते. एवढेसे गोंडस जनावर, तेही हौसेने आणलेले. त्याचा राग येतो हे सांगायचे कुणाला?

सांगायला हवे, कारण ही अवस्था दुर्मीळ नाही. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत अनेक मातांना कारण नसताना रडू येते, त्याला ‘बेबी ब्लूज’ म्हणतात. त्याच धर्तीवर या अवस्थेला ‘पपी ब्लूज’ हे नाव पडले. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. वैताग, चिंता आणि थकवा असे तिचे तीन पदर त्यांना आढळले. हा आजार नव्हे; बहुतेकांच्या बाबतीत तो काही आठवड्यांत ओसरतो. पण ते आठवडे खरे असतात.

कारण समजून घेतले तर अपराधीपणा कमी होतो. दोन महिन्यांचे पिल्लू आईपासून आणि भावंडांपासून नुकतेच तुटलेले असते. रात्री एकटे पडले की ते रडणारच. त्याला दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लघवी धरून ठेवता येत नाही. म्हणजे रात्रीतून दोनदा-तीनदा कुणाला तरी उठावे लागते. प्रौढ माणसाला सात तास तरी सलग झोप लागते. ती रोज तुटली की चिडचिड वाढते, साधे निर्णय जड जातात, रडू लवकर येते. यात मनाचा कमकुवतपणा नाही, हा शरीराचा हिशेब आहे. त्यातच तीन-चार महिन्यांचे झाल्यावर पिल्लाचे दुधाचे दात पडू लागतात आणि ते हात, चपला, ओढणी, दिसेल ते चावते.

या सगळ्यात आपल्या घरांमधली एक जुनी रीत भर घालते. हट्ट मुलांचा असतो, होकार वडिलांचा असतो आणि शी-शू काढायचे काम आईकडे जाते. किंवा परदेशातली मुले ‘तुम्हाला सोबत होईल’ म्हणून सत्तरीतल्या आईवडिलांना पिल्लू घेऊन देतात. सोबत हवी हे खरे. पण दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसातून सहा वेळा जिना उतरायचा कुणी, याचा विचार झालेला नसतो. कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. पिल्लू म्हणजे एकटेपणावरचे औषध नव्हे. ती एक जबाबदारी आहे आणि ज्याच्या अंगावर ती पडणार, त्याला आधी विचारायला हवे.

आणून झाले असेल, तर पहिला उपाय कामाच्या वाटणीचा. रात्रीच्या पाळ्या लावा: एकाने एक वाजेपर्यंत, दुसऱ्याने पुढे. प्रत्येकाला सलग चार-पाच तास तरी झोप मिळाली पाहिजे. घरात एकटेच असाल तर दुपारी पिल्लू झोपले की तुम्हीही आडवे व्हा. या वयात ते दिवसाचे अठरा-वीस तास झोपते. सुरुवातीचे काही दिवस त्याचे अंथरूण तुमच्या खोलीतच ठेवा, रडणे कमी होते. दिवसातला एक तास दार लोटून स्वतःसाठी घ्या. त्याला सुरक्षित जागी ठेवून तुम्ही चहा प्यायलात, तर त्याचे काही बिघडत नाही.

ओरखड्यांची धास्ती हाही या ताणाचा मोठा भाग असतो. पिल्लांना रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. त्याआधीचा दात किंवा नख ‘घरचेच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा, हळद किंवा चुना भरू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. लस घ्यायला आलेल्या माणसाला ‘झोप कशी लागते?’ एवढे विचारले, तर जखमेपलीकडचे बरेच काही बाहेर येते. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारावा आणि रुग्णाने न लाजता उत्तर द्यावे.

थकवा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, याची खूण लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसभर उदास वाटणे, कशातच मन न लागणे, पिल्लू झोपले तरी आपल्याला झोप न येणे, अन्नावरची वासना जाणे, ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नका. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही, मोफत बोलता येते. ज्यांना पूर्वी नैराश्याचा त्रास झाला आहे, त्यांच्या घरच्यांनी अधिक लक्ष ठेवावे.

आणि सगळे करूनही झेपले नाही तर? ज्यांच्याकडून पिल्लू घेतले त्यांच्याशी किंवा पशुवैद्यांशी बोलून त्याला दुसरे चांगले घर शोधणे यात पाप नाही. रात्री गाडीतून नेऊन रस्त्यावर सोडून देणे हे मात्र क्रौर्य आहे. उपाशी-तहानेले मरेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. वेळीच ‘मला जमत नाही’ म्हणता आले, तर सहसा तिथवर वेळ येत नाही. म्हणून घरात कुणी ते म्हणाले, तर ‘हौस तुलाच होती ना!’ असे ऐकवू नका. त्या रात्रीची पाळी तुम्ही घ्या.